रियूची लाथ

आजचा शनिवार मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेला. मामाच्या बंद पडलेल्या व्हिडिओगेम पार्लरमधली शेवटची पेटी घरी आणलीय, तिच्यासाठी. जॉयस्टिकचे मायक्रोस्विच लगेच मिळाले, पाच-बारा व्होल्टचा सप्लायही. पिक्चर ट्यूबचं नाव काढलं तर दुकानदार काका नुसते हसले.

खरी गंमत गेमच्या बोर्डाची. पेटीतलं वायरिंग जॅमाचं, म्हणजे 1985 च्या जपानी स्टँडर्डचं. 56 पिनांचा कनेक्टर आणि एका खेळाडूला तीनच बटणं. 'मुस्तफा'चं (खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, पण ते तेव्हा कोणाला माहीत होतं!) दोन बटणांत भागतं. स्ट्रीट फायटर टूला मात्र सहा लागतात, लाथांची तीन वेगळ्या वायरी ओढून जोडायची. हे विसरून मामाच्या ट्रंकेतला तोच बोर्ड लावला, आणि त्यातला फायटर रियू तासभर नुसत्या बुक्क्या मारत बसला. मला वाटलं, स्विचच खराब दिले!

नशीब, बोर्ड उलटा नाही लावला, जळलाही असता. कनेक्टरच्या एका बाजूला लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे, त्यामुळे वाचलो. बाटली मामीचीच असणार. विचारून घेतली होती का, ते उद्या फोनवर कळेल.