वेष्टनावरचा २३४

मागच्या आठवड्यात दादरच्या एका दुकानात शेजारच्या काकूंनी चीजचा डबा हातात घेतला, वेष्टनावरची बारीक अक्षरे चष्मा वर करून वाचली आणि ‘परिरक्षक २३४’ दिसताच ‘केमिकल आहे गं यात’ म्हणून तो फळीवर परत ठेवला. २३४ म्हणजे नायसिन. आणि ते तयार करणारा लॅक्टोकॉकस लॅक्टिस हा जिवाणू दह्याच्या विरजणातही पुष्कळदा असतो, हे तिथल्या गर्दीत उभ्या उभ्या सांगणे मला जमले नाही.

नायसिन हे ३४ अमिनो आम्लांचे लहानसे पेप्टाइड, म्हणजे छोटेसे प्रथिनच, आहे. दुधातले काही जिवाणू इतर जिवाणूंची वाढ रोखतात, हे रॉजर्स आणि व्हिटियर या संशोधकांनी १९२८ साली नोंदवले. नायसिन हे नाव १९४७ मध्ये पडले. जिवाणूला आपली पेशीभित्तिका बांधताना लिपिड-२ नावाचा रेणू लागतो. नायसिन नेमका तोच धरून ठेवते, त्यामुळे भिंतीचे बांधकाम अडते, आणि त्याच रेणूच्या आधाराने ते आतल्या पटलाला छिद्रे पाडते, ज्यांतून पेशीतला ऐवज बाहेर झिरपतो. एकाच रेणूवर असा दुहेरी घाव घालण्याची ही रीत मला फार आवडते. नायसिन बनवणारा जिवाणू स्वतः मात्र मरत नाही, कारण त्याच्याजवळ त्यापासून बचाव करणारी प्रथिनेही असतात.

चीजमध्ये याचा उपयोग मोठा आहे. क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूचे बीजाणू उष्णतेला दाद देत नाहीत आणि लिस्टेरिया हा दुसरा जिवाणू तर फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. या दोघांवरही नायसिन चालते. आपल्या पोटात गेल्यावर पाचक विकरे इतर प्रथिनांप्रमाणेच त्याचे तुकडे करतात.

ते नैसर्गिक आहे, एवढ्यावरून मात्र काकूंची समजूत घालणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही, कारण बॉट्युलिनमचे जहाल विषही जिवाणूच बनवतो. शिवाय साल्मोनेला आणि ई. कोलाय या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूंभोवती आणखी एक बाह्य पटल असते, ज्यातून नायसिन सहसा आत शिरू शकत नाही. म्हणून जिथे पावसाळ्यात रस्त्यावरच्या चटणीतून पोट बिघडण्याची भीती वाटते, तिथे हा २३४ फारसा कामाचा नाही.

काकूंनी त्या दिवशी शेवटी उघड्या परातीतले सुटे पनीर घेतले.