भडंग राखणीला कसा होता?

तुम्ही विचारलेत म्हणून सांगते: आमचा कुत्रा भडंग राखणीच्या कामाचा अजिबात नव्हता. कोल्हापुरात कुत्र्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येतो आणि त्यात विचारणाऱ्याचे काही चुकत नाही, कारण ज्यांचे घर पेठेत आणि शेत गावाकडे असते अशा आमच्यासारख्या कुटुंबांत कुत्रे पाळायचे ते दारासाठी किंवा खळ्यासाठी, हौसेसाठी नव्हे, असेच पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्यानंतरचा प्रश्नही ठरलेला असतो, तो म्हणजे जातीचा. "कारवानी व्हता का?" असे विचारताना लोकांच्या डोळ्यांसमोर मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलेले, लांब तोंडाचे, खपाटीला गेलेल्या पोटाचे ते शिकारी कुत्रे असते, ज्याचे चित्र २००५ साली टपाल तिकिटावरही आले. भडंग त्यातला नव्हता. तो धनगराच्या तळावरचा होता, अंगाने आडमाप, रंगाने पिवळट आणि त्यावर तांबूस-काळे ठिपके असलेला, आणि त्याच्यावर तिकीट काढावे असे कोणाला कधी वाटले असते असे नाही.

हातकणंगले तालुक्यातले आमचे रान उन्हाळ्यात मोकळे पडले की आबा, म्हणजे माझे वडील, तिथे बकरी बसवायचे, म्हणजे धनगराला सांगून चार-सहा रात्री मेंढरांचा तळ रानात ठेवायचा, लेंडीखत रानाला मिळते आणि धनगराला धान्य किंवा पैसे. अशाच एका तळावरून आबा ते पिल्लू घेऊन आले. धनगराने पैसे घेतले नाहीत, फक्त "न्या की, पर बांधून घालू नगासा" एवढेच बजावले. घरी आल्या आल्या त्याने आज्जीच्या मांडीवरच्या कागदातले भडंग, म्हणजे लसूण-तिखटाचे चुरमुरे, मिरचीसकट, कोणाला कळायच्या आत फस्त केले आणि नंतर अर्धा तास पाण्याच्या भांड्यात तोंड घालून बसला, तेव्हा नावाचा प्रश्न आपोआप मिटला. लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो हे पुढे डॉक्टरांनी सांगितल्यावर भडंगाचे भडंग बंद झाले, नाव मात्र राहिले.

आता राखणीचे. येणाऱ्यावर तो जन्मात कधी भुंकला नाही. मीटर बघायला येणारा, सिलिंडर आणणारा, वर्गणीसाठी येणारी तालमीची पोरे, चुकून आमच्या दारात शिरलेला परगावचा भाविक, या सगळ्यांकडे तो एक डोळा उघडून पाहायचा आणि तो पुन्हा मिटून घ्यायचा. माणूस आत येऊन बसला, पाणी प्यायला, बोलला, इथपर्यंत सगळे ठीक असायचे. पण तोच माणूस "चला, येतो" म्हणून उठला की भडंग ताडकन उभा राहायचा, उंबऱ्यावर आडवा व्हायचा आणि असा काही आवाज लावायचा की गल्लीच्या टोकापर्यंत लोकांना कळावे, आमच्याकडून कोणीतरी निघाले आहे. चोर आला तर आत खुशाल येईल, पण बाहेर कसा पडतो ते बघतोच, असे आबा म्हणत असत. चोर कधी आला नाही, त्यामुळे हे तपासून पाहायची वेळ आली नाही.

हा नियम माणसांपुरता नव्हता. आबा संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जात, जिथे म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि ते फेसाळ दूध लोक उभ्या उभ्या पितात. भडंगही त्यांच्याबरोबर जायचा. म्हशी येत असताना तो शांत बसलेला असायचा. पण धारा झाल्यावर एखादी म्हैस सोडून घराकडे वळवली की याचे सुरू. गवळ्यांनी पहिल्यांदा शिव्या घातल्या, नंतर त्यांना त्याची सवय झाली, आणि पुढे पुढे तर "भडंग्या, जाऊ का रं?" असे विचारूनच काही जण म्हैस सोडू लागले.

भुंकून भागत नाही हे लक्षात आल्यावर त्याने दुसरा मार्ग शोधला, आणि आमच्या घराची कीर्ती खरी पसरली ती त्यामुळे. पाहुणा आत बसलेला असताना तो बाहेर जाऊन त्याच्या चपलेचा एक पाय उचलायचा. एकच पाय, दोन कधीच नाही. रबरी स्लिपर, बूट, सँडल यांना त्याने कधी तोंड लावले नाही. त्याला फक्त अस्सल कोल्हापुरी लागायची. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या त्या कातड्याचा वास आपल्यालाही दुकानात शिरताच जाणवतो, मग कुत्र्याच्या नाकाचे काय सांगावे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भडंगाने ते कितीतरी आधी दिले होते. विशेष म्हणजे तो चप्पल चावत नसे. पाण्याच्या पिंपामागच्या आपल्या जागेत ती नेऊन ठेवायची, तिच्या अंगठ्यावर हनुवटी टेकायची, आणि नजर वर करून दाराकडे बघत राहायचे. हात घातला तर गुरगुरत नसे, पण हनुवटीचा भार असा काही वाढवायचा की चप्पल ओढताना कान तुटेल अशी भीती वाटावी. चपलेचा कान म्हणते मी, त्याचा नव्हे.

माझ्या बहिणीचे यजमान मुंबईचे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला त्यांना सासऱ्यांनी नवी, करकर वाजणारी चप्पल घेऊन दिली. परतायच्या दिवशी महालक्ष्मी एक्स्प्रेसची वेळ होत आली, रिक्षा दारात उभी, आणि डाव्या पायाची चप्पल नाही. पिंपामागे नाही, कॉटखाली नाही, तुळशीपाशी नाही. आज्जी एका जागी बसून सगळ्यांना सूचना देत होती, आई देवाला साकडे घालत होती आणि भडंग रिक्षासमोर उभा राहून भुंकत होता. शेवटी जावईबापू आबांच्या जुन्या स्लिपर घालून फर्स्ट क्लासच्या डब्यात चढले. चप्पल दुसऱ्या दिवशी सापडली, आज्जीच्या अंथरुणाच्या वळकटीत. ती तिथे भडंगाने एकट्याने नेली असेल यावर माझा आजही विश्वास नाही, कारण नातीने आणखी दोन दिवस राहावे असे घरात सर्वांत जास्त कोणाला वाटत होते ते आम्हाला ठाऊक होते.

हे असे का, यावर घरात बरेच वाद झाले. काकांचे म्हणणे असे की हे रक्तातच आहे: तळ हलतो तेव्हा सगळी मेंढरे एकदम हलतात, एकटे निघाले ते चुकले, म्हणून कळपातून एखादे बाजूला होताना दिसले की कुत्र्याला राहवत नाही. ऐकायला छान वाटते, पण मला ते पूर्ण पटलेले नाही. आपल्याकडच्या धनगराचे कुत्रे मेंढरे वळवण्याचे काम फारसे करतच नाही. ते काम धनगर स्वतः हाळी देऊन आणि काठीने करतो. कुत्रे असते ते लांडग्यासाठी, म्हणजे बाहेरून येणाऱ्यासाठी, आणि त्या हिशेबाने भडंगाने येणाऱ्यावर भुंकायला हवे होते. मला वाटते कारण अधिक साधे होते. लहानपणी तो पहिल्यांदा कोणा पाहुण्यावर असा भुंकला तेव्हा पाहुणा हसला, पुन्हा टेकला, आईने आणखी अर्धा कप चहा टाकला आणि पाहुण्याच्या हातातला बिस्किटाचा तुकडा भडंगाला मिळाला. निघणाऱ्याला अडवले की तो थांबतो आणि वर खायला मिळते, हे कुत्र्याने एकदा हेरले की ते त्याच्या डोक्यातून काढणे कठीण. त्यातून आमच्या घरातली माणसे थांबण्यासाठी निमित्त शोधणारीच होती.

एक गोष्ट मात्र काकांच्या बाजूने जाते, ती सांगितलीच पाहिजे.

ऑगस्ट २०१९चा महापूर कोल्हापूरकरांना वेगळा सांगायला नको. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. आमचे घर शुक्रवार पेठेत, उताराच्या बाजूला. पाणी जामदार क्लबपाशी आले की सामान वर चढवायला लागायचे, हा आमचा जुना हिशेब, पण त्या वर्षी पाण्याने हिशेबाला वेळच दिला नाही आणि आम्हाला नावेतून बाहेर पडावे लागले. आज्जी, आई आणि मी राजारामपुरीत मावशीकडे गेलो. आबा, दादा, वहिनी आणि भडंग कोल्हापुरातल्याच संभाजीनगरात वहिनीच्या माहेरी. दोन्हीकडे आम्हाला प्रेमाने घेतले, तरी दोन्हीकडे आधीच आणखी नातेवाईक येऊन राहिलेले होते, आणि अशा वेळी आम्ही सगळेच येतो असे तोंड उघडून म्हणण्याची भीड माणसाला वाटतेच. शहराचा पाणी उपसा बंद पडलेला, नळ कोरडे, टँकरपुढे घागरींच्या रांगा, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेल्यामुळे दूध, भाजी, पेट्रोल सगळ्याचीच टंचाई. त्यात कोण कोणाकडे राहते याची खंत करायला फुरसत नव्हती.

भडंगाला मात्र होती. त्याने भाकरीला तोंड लावले नाही. वहिनीच्या आईने त्या टंचाईतही वाटीभर दूध पुढे ठेवले, तेही त्याने हुंगून सोडले. दाराकडे तोंड करून बसायचे आणि अधूनमधून उठून घरातल्या प्रत्येकाजवळ जाऊन यायचे, एवढेच चालले होते. अखेर आबा त्याला पट्टा लावून पावसातच राजारामपुरीला चालत घेऊन आले. मावशीच्या दारात आल्यावर तो धावला नाही, उड्या मारल्या नाहीत. आधी आज्जीकडे गेला आणि तिची पावले हुंगली. मग आईच्या पदराला नाक लावले. मग माझा हात, तळव्यापासून कोपरापर्यंत, सावकाश. त्यानंतर तो कोपऱ्यातल्या बादलीपाशी जाऊन घटाघटा पाणी प्यायला आणि मावशीने दिलेली भाकरी उभ्या उभ्या संपवली. दुसऱ्या दिवशीही आबांनी त्याला आणले, तिसऱ्या दिवशीही. प्रत्येक वेळी खाणे झाले, आबा जायला उठले, की तो मटकन खाली बसायचा. भुंकायचा नाही, कारण या वेळी निघणाऱ्यांत तो स्वतःच होता, आणि त्यावर काय करायचे हे त्याला उमगत नसावे. पट्टा ओढला तरी अंग सैल सोडून तसाच.

तिसऱ्या दिवशी मावशीने हे पाहिले आणि ती आबांवर चिडली. "दाजी, कुत्र्याला कळतंय ते तुमास्नी कळंना व्हय? सगळीच या की हिकडं. जागा न्हाई असं मी कवा म्हटलं?" त्या रात्री दादा आणि वहिनीही आले. दोन खोल्यांत आम्ही इतकी माणसे झोपलो की पाय पसरायचा तर शेजारच्याला विचारूनच पसरावा लागे, आणि भडंग दाराला पाठ लावून आडवा झाला, म्हणजे आता कोणाला बाहेर जायचे तर त्याला ओलांडूनच जावे लागणार होते. काका हे सांगताना "कळप" हा शब्द वापरतात. मी त्यांना आता अडवत नाही.

पूर ओसरल्यावरचे गाळ काढणे, ब्लीचिंग पावडरचा तो वास, भिजलेल्या गाद्यांचे रस्त्यावरचे ढीग, हे सगळे इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. जुलै २०२१मध्ये पुन्हा तसेच पाणी आले तेव्हा कोणी कुठे जायचे यावर आमच्या घरात चर्चाच झाली नाही. सगळे एकाच टेम्पोत बसले, भडंग सर्वांत आधी. तोवर तो म्हातारा झाला होता. त्याला ऐकू कमी येऊ लागले होते, इतके की गणपती विसर्जनाच्या डॉल्बीला जन्मभर कॉटखाली लपणारा कुत्रा त्या दिवाळीत फटाक्यांतही अंगणात झोपून राहिला. पाहुणे बिनबोभाट निघून जाऊ लागले आणि त्याला जाग आल्यावर रिकाम्या खुर्चीकडे पाहून तो आमच्याकडे बघायचा. पुढच्या थंडीत मूत्रपिंडाच्या आजाराने तो गेला. आबांनी त्याला रानातच पुरले, बांधाला, जिथे तळ बसायचा त्याच्या जवळ. यावर याहून जास्त लिहायची माझी इच्छा नाही.

तर राखणीसाठी कुत्रे हवे असेल, तर भडंगासारखे मिळेल या आशेने किंवा मिळेल या भीतीने धनगराच्या तळावर जाऊ नका. सगळी काही तशी नसतात, त्याची भावंडे रात्री तळाच्या आसपास परक्या माणसाला फिरकू देत नव्हती असे तो धनगरच सांगत असे. दारासाठी चांगले कुलूप आणि अंगणात एक दिवा एवढ्याने पेठेत काम भागते. पण कुत्रेच हवे असेल तर पिल्लू आईच्या अंगावरून लवकर तोडू नका, निदान दोन महिने जाऊ द्या. पार्व्हो या विषाणूच्या आजाराची लस त्याच सुमाराला आणि रेबीजची तीन महिन्यांचे झाल्यावर डॉक्टरांकडून टोचून घ्या, पुढे दरवर्षी चुकवू नका. आणि धनगराने आम्हाला सांगितले तेच मीही सांगेन, बांधून घालू नका. पाहुण्यांना मात्र पहिले काही दिवस रबरी स्लिपर घालून यायला सांगा. आमच्या जावईबापूंनी ती सवय अजून सोडलेली नाही.