रसवंतीचा बुश

मी परळला एका ज्युनिअर कॉलेजात बायफोकलला मेकॅनिकल मेंटेनन्स शिकवतो. अकरावी-बारावी सायन्सची मुलं दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडून हा 200 मार्कांचा टेक्निकल विषय घेऊ शकतात, फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स तेच राहतं. बहुतेक पालकांना कॉम्प्युटर सायन्स हवं असतं, मेकॅनिकलचं नाव काढलं की "सर, हात काळे करून काय मिळणार" हे ठरलेलं. ज्या शहरात गिरण्यांना कारागीर हवेत म्हणून 1887 साली व्हीजेटीआय ही तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली त्याच शहरात हे ऐकावं लागतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

फेब्रुवारीतली गोष्ट आहे. ऊन चढायला लागलं होतं आणि गेटबाहेरचे रसवंतीवाले काका चरख्याचा एक रोलर गोणपाटात गुंडाळून थेट वर्कशॉपमध्ये घेऊन आले. काका मूळचे पुरंदरकडचे. म्हणाले, "मास्तर, नवा बुश टाकला की महिन्यात वाजायला लागतो बघा, टर्नर म्हणतो माल खराब येतो हल्ली." बुश म्हणजे रोलरच्या दांड्याचं, शाफ्टचं, टोक ज्यात फिरतं ती धातूची नळी, आणि टर्नर म्हणजे ती लेथवर, धातू फिरवत कापायच्या यंत्रावर, बनवून देणारा कारागीर. मुलं तेव्हा जर्नल पूर्ण करत बसलेली, मी प्राचार्यांना विचारलं, ते हो म्हणाले आणि जर्नलं बाजूला गेली.

जुना गनमेटलचा, म्हणजे तांब्या-कथिलाच्या मिश्रधातूचा, बुश हातोहात फिरला. बाहेरच्या तोंडाशी तो आरशासारखा घासलेला, आणि आतल्या, म्हणजे रोलरकडच्या तोंडाशी टर्नरच्या टूलच्या बारीक रेघा अजून जशाच्या तशा. मी काहीच बोललो नाही, मुद्दामच. एका मुलाने शाफ्टच्या टोकाला व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायचं कॅलिपर, लावला आणि लगेच सांगितलं, 31.98 मिलिमीटर, सर बत्तीसचा शाफ्ट आहे, बुशचं भोक तेवढं बोअर करू. टर्नरनेही दरवेळी हेच केलं असणार कारण टोकाला व्हर्निअर बसवायला सोपं पडतं.

तेवढ्यात मागून एक मुलगी पुढे आली, एरवी फारसं न बोलणारी. बुश उजेडाला धरून तिने परत बघितला आणि विचारलं, "सर, अर्ध्या बुशला शाफ्ट टेकलाच नाही, मग माल खराब कसा?" मी मायक्रोमीटर, व्हर्निअरपेक्षा बारीक मोजणारं साधन, तिच्या हातात दिला. तिने तीन ठिकाणी माप घेतलं, टोकाला 31.98, मध्ये 31.84, रोलरजवळ 31.60. मायक्रोमीटरची मागची फिरकी, रॅचेट, दोनदा टकटक वाजवून प्रत्येक माप परत घेतलं, घाई नाही. शाफ्ट झिजून टेपर, म्हणजे एका बाजूला निमुळता, झाला होता! सरळ भोकाचा बुश त्यावर फक्त टोकाशी टेकणार, सगळा भार तेवढ्याशा पट्टीवर येणार आणि तो महिन्यात जाणार, मग माल सोन्याचा का असेना.

पण शाफ्ट एकाच बाजूने का झिजला? हा प्रश्नही तिचाच. सगळी वरात गेटबाहेर गेली. दुसरा, स्पेअर रोलर घालून चरखा चालू होता, घुंगरं वाजत होती. पाच मिनिटं बघून तिने विचारलं, "काका, तुम्ही ऊस कायम याच कडेने घालता का?" काका म्हणाले, "मग काय, मी हितं उभा, गिऱ्हाईक तिकडं." आणि रोलर दाबणारे दोन बोल्टही काका अंदाजाने आवळायचे, त्यांच्या बाजूचा जास्त. फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, लावून बघितलं तर दोन टोकांच्या गॅपमध्ये डोळ्याला दिसेल एवढा फरक, म्हणजे सगळा दाब एकाच बाजूला.

मला त्या दिवशी जे वाटलं ते स्पष्ट लिहितो. सिलॅबसमधले जॉब चांगलेच असतात, ड्रॉइंग दिलेलं असतं, मापं लिहिलेली असतात आणि मुलं त्या मापाला घासतात, कापतात. पण कारखान्यात कोणी बिघडलेल्या मशीनवर मापं लिहून देत नाही. कुठे मोजायचं आणि किती ठिकाणी मोजायचं हे ठरवणं हाच अर्धा धंदा आहे, आणि ते मोडलेली वस्तू हातात आल्याशिवाय येत नाही. आम्ही मुलांना मोडलेल्या वस्तू फारच कमी देतो.

पुढचं काम लेथवर. फोर जॉ चकमध्ये, म्हणजे चार जबड्यांच्या पकडीत, रोलर धरून दुसऱ्या टोकाला सेंटरचा टोकदार आधार दिला, आणि न झिजलेल्या भागावर डायल गेज लावून आधी तो सरळ केला, यातच अख्खा तास गेला, डायलचा काटा हलायचा थांबेपर्यंत कोणी डबाही उघडला नाही. मग हलके कट घेत शाफ्ट सगळीकडून 31.50 आणला. नवा बुश 31.56 ला बोअर केला, ग्रीस फिरायला एवढी फट लागतेच. गनमेटलची चिप दोऱ्यासारखी निघत नाही, दाणे उडतात, म्हणून गॉगल शिवाय कोणी जवळ यायचं नाही हे मी ओरडून ओरडून सांगत होतो. शेवटी शाफ्टला पातळ प्रशियन ब्ल्यू, म्हणजे कुठे टेकतंय ते दाखवणारा निळा रंग, लावून बुशमध्ये फिरवला. बाहेर काढला तर निळा डाग या तोंडापासून त्या तोंडापर्यंत. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मी त्यांना फोटो आणि तिन्ही मापं जर्नलमध्ये लिहायला लावली.

काकांनी आता ऊस मधोमध घालायचं मान्य केलंय, बोल्टच्या बाजूला मुलांनी खडूने खुणा करून दिल्यात. पैसे घेतले नाहीत, रस मात्र सगळ्यांनी प्यायला, आलं-लिंबू घालून. पुढच्या आठवड्यात काका स्पेअर रोलरही घेऊन आले, आणि मी टेबलापर्यंत पोचायच्या आधीच तिघांनी तीन ठिकाणी मापं घ्यायला सुरुवात केली होती.