खरखरीमागचं गाणं

हाय-फाय सिस्टिम घरी जाऊन बसवून देणं हे माझं काम. लॅमिंग्टन रोडवर सामान घ्यायचं आणि मुलुंडपासून कुलाब्यापर्यंत फिरायचं. तक्रारी बहुतेक ठरलेल्या असतात. गेल्या पावसाळ्यात दादरच्या हिंदू कॉलनीतून आलेला फोन मात्र वेगळा होता.

"सिस्टिम परत न्या," काका म्हणाले. "एलपी सुरेख वाजतात, पण खाँसाहेबांची रेकॉर्ड लावली की नुसती भजी तळल्याचा आवाज. वडिलांच्या चावीच्या ग्रामोफोनवर बरी ऐकू यायची हो."

खाँसाहेब म्हणजे गायक अब्दुल करीम खाँ. १९३०च्या दशकातल्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या तबकड्या. काकांनी एक लावून दाखवली. खरखर होतीच, पण आवाजही चिरकत होता. तिथेच शंका आली. नीडल पाहिली तर एलपीचीच, म्हणजे नंतरच्या विनाइल तबकड्यांची.

एलपीच्या नीडलचं टोक साधारण १८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येचं असतं. ७८ची खाच बरीच रुंद, तिला ६५ ते ७५ मायक्रॉनचं टोक लागतं. बारीक नीडल खाचेच्या भिंतींना नीट टेकत नाही. जुन्या पोलादी पिनांनी पाडलेला भुगा आणि धूळ तळाशी साचलेली असते, त्यातून ती घासत जाते. गाणं असतं भिंतींवर आणि आपण ऐकतो तळातला कचरा.

माझ्या बॅगेत ७८ची नीडल होती आणि ती त्या कार्ट्रिजला, म्हणजे नीडल धरणाऱ्या डबीला, बसत होती. नीडलवरचा भार चार ग्रॅमच्या आसपास नेला. रेकॉर्ड डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रशने धुतली. कृपा करून अशा तबकडीला स्पिरिट लावू नका. लाख त्यात विरघळते आणि मग काहीच करता येत नाही.

पुढची अडचण अ‍ॅम्प्लिफायरची. महागडा, देखणा, पण आवाजाच्या शुद्धतेसाठी म्हणे ट्रेबल-बासची बटणंच नाहीत, मोनोचंही नाही. याची मला मनापासून चीड येते. आजची फोनो सर्किटं, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरमधला रेकॉर्डसाठीचा भाग, १९५४ साली ठरलेल्या आरआयएए या प्रमाण मापाने वरच्या कंप्रता दाबतात. त्याआधीच्या तबकड्या त्या मापाने कापलेल्याच नाहीत, त्यामुळे गाणं गरजेपेक्षा जास्त दबतं. ते परत उचलायला ऐकणाऱ्याच्या हाताशी एक बटण नको का? मोनोचंही तेच. या तबकड्यांत गाणं खाचेच्या डाव्या-उजव्या वळणांत असतं. स्टिरिओ कार्ट्रिज वर-खाली होणारी थरथरही उचलतं आणि तिच्यात खरखरीशिवाय काही नसतं. दोन्ही चॅनेल एकत्र केले की ती कटते.

"माळ्यावर माझा जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे, पण तो भंगारातच द्यायचाय," काका म्हणाले. त्याला ही तिन्ही बटणं होती! तोच उतरवून जोडला.

झिंझोटीतली ठुमरी लावली. खरखर गेली नव्हती, पण आता ती एकसारखी मागे राहिली आणि मिनिटाभरात कानाने ती सोडून दिली. पुढे होता तो खाँसाहेबांचा बारीक, सुरेल, लांबवलेला स्वर.

"अहो, हा मागचा तानपुरा मी कधी ऐकलाच नव्हता," काका म्हणाले आणि रेकॉर्ड पुन्हा सुरुवातीपासून लावायला सांगितली.

मग त्यांनी याच ठुमरीची 'स्वच्छ' केलेली सीडी काढली. खरखर शून्य. तानपुराही जवळजवळ शून्य, आणि शब्दांच्या कडा बोथट. तानपुऱ्याचे बारीक वरचे स्वर आणि खरखर एकाच पट्ट्यात असतात. एक काढताना दुसरं जातंच. मला विचाराल तर खरखरीसकट गाणं द्या.

सगळ्या रेकॉर्ड मात्र अशा सुधारत नाहीत. काकांकडे बालगंधर्वांची एक अगदी सुरुवातीची तबकडी होती, मायक्रोफोन येण्याआधी भोंग्यासमोर गायलेली. त्या पद्धतीत साधारण अडीच हजार हर्ट्झच्या पुढचं फारसं काही उमटायचंच नाही. तिथे ट्रेबल वाढवला तर फक्त खरखर वाढते. म्हणून तो खाली आणला, एकच स्पीकर चालू ठेवला आणि काकांना जवळ बसायला सांगितलं. आवाज अरुंदच राहिला, पण शब्द न् शब्द कळला.

सिस्टिम परत गेली नाही. जाताना काकांनी सगळ्या तबकड्या कॉम्प्युटरवर उतरवून मागितल्या. प्रत्येकीच्या दोन प्रती केल्या, एक जशीच्या तशी आणि दुसरी फक्त मोठे खटके काढलेली. पहिली कधीच पुसायची नाही, असं हार्डडिस्कच्या डबीवर मार्करने लिहून दिलं.