गडनोंद, भाग ७ : सिलेक्टरचा पेच सुटला, सेटचा उरला

माझ्या गडभेटी नोंदवणाऱ्या ॲपमध्ये नऊ दिवस अडून बसलेली, भेट दिलेल्या गडांची यादी काल रात्री पुन्हा दिसू लागली. ॲपची माहिती (स्टेट) एका जागी, म्हणजे स्टोअरमध्ये, सांभाळणाऱ्या झुस्टँड या लायब्ररीच्या चौथ्या आवृत्तीवरून पाचव्या आवृत्तीवर गेल्यापासून ते पान उघडताच ‘मॅक्झिमम अपडेट डेप्थ एक्सीडेड’ (पान न थांबता पुन्हा पुन्हा बदलत आहे) ही चूक येत होती. दोष माझ्या सिलेक्टरमध्ये, म्हणजे स्टोअरमधून हवे ते निवडून देणाऱ्या फंक्शनमध्ये, होता: तो गडांना फिल्टर लावून दर वेळी नवा ॲरे (यादी) परत करत असे. चौथ्या आवृत्तीत स्टोअर बदलेपर्यंत आधीचे उत्तर जपले जाई, त्यामुळे फार तर एखादा अनावश्यक रेंडर (पान पुन्हा रेखाटणे) होई. पाचवी आवृत्ती मात्र पाने रेखाटणाऱ्या रिॲक्ट या लायब्ररीच्या मूळ युजसिंकएक्स्टर्नलस्टोअर या हूकवर (पानाला स्टोअरशी जोडणाऱ्या फंक्शनवर) थेट उभी आहे. मजकूर तोच असला तरी रेफरन्स (मेमरीतला पत्ता) नवा दिसताच त्याला स्टेट बदलल्यासारखी वाटते, पुन्हा रेंडर होतो, आणि पुन्हा नवा ॲरे येतो.

जुन्या-नव्या उत्तरांची वरवर तुलना करून ती सारखी असल्यास जुनेच देणारे युजशॅलो लावताच यादी आली, कारण फिल्टरमधून येणारे घटक जुनेच ऑब्जेक्ट असतात आणि पहिल्या पातळीवरची तुलना तेवढ्यावर भागते. उंचीनुसार मांडणीचे पान मात्र तसेच फिरत राहिले, आणि नऊपैकी चार दिवस तिथेच गेले. तिथे मी मॅप वापरून प्रत्येक गडासाठी नवा ऑब्जेक्ट घडवत होतो. त्यावर युजशॅलोचाही इलाज चालत नाही. आता सिलेक्टर स्टोअरमधले जसेच्या तसे देतो आणि सगळी घडण युजमेमोमध्ये (मूळ माहिती बदलेपर्यंत उत्तर जपणाऱ्या हूकमध्ये) होते. तोरणा आणि राजगड एकाखाली एक स्थिर उभे राहिलेले पाहून फार समाधान वाटले.

दुसरी अडचण पान बंद केल्यावरही माहिती साठवून ठेवणाऱ्या पर्सिस्टची आहे. भेटींसाठी मागच्या भागात आणलेला सेट (नोंदींचा संच) जेसन या मजकुराच्या रूपात रिकामा ऑब्जेक्ट होऊन साठतो, त्यामुळे पान पुन्हा उघडताच नोंद आहे का ते सांगणारे सेटचे ‘हॅज’ हे फंक्शनच सापडत नाही आणि त्या काळातल्या खुणाही गेल्या. त्यासाठी साठवताना रूप बदलणारा रिप्लेसर आणि वाचताना ते परत आणणारा रिव्हायवर लिहिण्याचा बेत होता. पण हे लिहिताना सुचले की गडाच्या आयडीवर आधारलेला साधा ऑब्जेक्ट पुरेसा आहे. साठलेला रिकामा ऑब्जेक्ट त्यात आपोआप बसतो, जुनी साठवण नव्या रूपात आणणारे मायग्रेट लिहावे लागत नाही, आणि नोंदी बदलण्यासाठी वापरत असलेल्या इमर या लायब्ररीत सेट चालावा म्हणून लावलेले एनेबलमॅपसेटही काढून टाकता येते. इमर मात्र ठेवणार आहे. खोलवरच्या नोंदी बदलताना त्याच्याइतका स्वच्छ कोड मला दुसऱ्या कशाने लिहिता आलेला नाही.

हरवलेल्या भेटी कागदी वहीवरून पुन्हा भरेन, आणि त्याआधी स्टोअरमधले निवडकच साठवू देणारे पार्शलाइझ लावून फिल्टरचा मजकूर साठवणे थांबवेन.