सांबार निवडता निवडता

दुपारी आई आणि मावशी सांबारवडीसाठी सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसल्या होत्या. विषय निघाला टीव्हीच्या पुरस्कारांचा. नायिका, सासू, खलनायिका, सगळ्यांना बाहुली मिळते. मला मात्र स्पर्धेचे कार्यक्रम जास्त जवळचे. अमेरिकेत एमी या टीव्ही पुरस्कारांमध्ये २००३ पासून त्यांच्यासाठी वेगळा पुरस्कार आहे, आणि तो असायलाच हवा!

मावशीसाठी २००९ चे लिटिल चॅम्प्स म्हणजे शेवटचा शब्द. कार्तिकी गायकवाड जिंकली तेव्हा मावशी रडली होती. आईच्या हातातली काडी तिथेच थांबली. "प्रथमेशच पाहिजे होता." इतक्या वर्षांनीही!

मी शिव ठाकरेची. २०१९ मध्ये आपल्या अमरावतीचा पोरगा बिग बॉस मराठी जिंकला, तेव्हा नागपुरात आमच्या घरी पेढे आले होते.