ळ आहे ना यात?

“भिया, सब डाल दिया है, बस चालू करो,” दुकानातला पोरगा म्हणाला होता. आईच्या नव्या कॉम्प्युटरमध्ये हे ‘सब’ म्हणजे काय, ते घरी आल्यावर कळलं. तीस दिवसांनी पैसे मागणारा अँटिव्हायरस, पत्त्यांचे तीन खेळ, कधी नाव न ऐकलेला ब्राउझर. लग्नाच्या आहेरात सहा भिंतीवरची घड्याळं यावीत तसं.

ते सगळं काढून मी नाइनाइटचं, म्हणजे फुकटची सॉफ्टवेअरं एकगठ्ठा टाकून देणाऱ्या वेबसाइटचं, पान उघडलं. हवं त्यासमोर टिचकी मारायची, एकच फाइल उतरवायची, चालवायची आणि चहा टाकायला उठायचं. बाकी ती बघून घेते; मध्येच चिकटू पाहणाऱ्या टूलबारना आपल्या वतीने ‘नको’सुद्धा म्हणते. (गूगलनेही २००६ मध्ये असंच एक गाठोडं काढलं होतं, ‘गूगल पॅक’. २०११ मध्ये ते बंद झालं.) मी फायरफॉक्स ब्राउझर घेतला, लिहायला लिबरऑफिस घेतलं आणि आईची कीर्तनांची रेकॉर्डिंग ऐकायला व्हीएलसी प्लेअर. पॅरिसजवळच्या एका कॉलेजातल्या पोरांनी १९९६ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प आता इंदूरच्या रामचंद्रनगरात नारदीय कीर्तन ऐकवणार! फाइलींची गाठोडी बांधायला-सोडायला विनरार मात्र घेतलं नाही, सेव्हन-झिप घेतलं. चाळीस दिवसांची मुदत संपली तरी विनरार चालूच राहतं, फक्त दर वेळी आठवण करतं. उसनी साखर परत न मागता रोज दारावरून जाणाऱ्या शेजारणीसारखं. मला ते जड जातं.

“झालं सगळं,” मी म्हणालो.

“ळ आहे ना यात?” आईने विचारलं.

इंदूरच्या मराठी माणसाचा हा जुना सल. गावभर हिंदी पाट्यांवर ‘होलकर’. आमच्या घरी मात्र होळकर ते होळकरच. ल म्हटलंत तर आई थांबवून दुरुस्त करते. भजनी मंडळाची वही तिला टाइप करायची होती आणि दुकानदाराच्या ‘सब’मध्ये होता कृतिदेव हा जुना देवनागरी फॉन्ट. त्यातलं लिहिलेलं दुसऱ्या कॉम्प्युटरवर, तो फॉन्ट नसला, तर इंग्रजी अक्षरांचा काला होऊन दिसतं. वही पाठवायची होती वडोदऱ्याला, मावशीला.

गंमत म्हणजे यासाठी काहीच उतरवायचं नव्हतं. मराठीचा कीबोर्ड विंडोजमध्येच असतो, सेटिंगमध्ये जाऊन भाषा जोडायची, एवढंच. त्याच्या इन्स्क्रिप्ट नावाच्या अक्षरमांडणीत इंग्रजी एनच्या बटणावर ल आणि शिफ्ट दाबून एन म्हटलं की ळ. ल आणि ळ एकाच बटणावर राहतात, आमच्या गल्लीसारखे.

आईने चष्मा लावला, एका बोटाने शिफ्ट धरलं, दुसऱ्याने एन. पडद्यावर ळ उमटला. मग ळळळळळळळ.

“बोट उचल, आई.”

“थांब जरा,” ती म्हणाली, “येऊ दे की.”